गच्चीवरची वेधशाळा: ठाणे-डोंबिवलीच्या उजेडात आकाशाचे फोटो निघतात का?

मोबाईलवर तेजोमेघांचे रंगीत फोटो बघितले की वाटतं, आपणही दुर्बीण घ्यावी. पण ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत गच्चीवर गेलं की मोजकेच तारे दिसतात. मग इथे लाखभर रुपये खर्च करण्यात अर्थ आहे का? आहे, पण आधी काय घ्यायचं आणि नंतर काय, हे ठरलेलं हवं.

शहरातून काय टिपता येतं?

चंद्र आणि ग्रह मुळातच तेजस्वी असतात, त्यांना रस्त्यावरच्या दिव्यांचा फारसा फरक पडत नाही. गुरू किंवा शनीचा एकच फोटो काढत नाहीत. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतात आणि 'ऑटोस्टॅकर्ट'सारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या हजारो फ्रेम्समधून स्पष्ट तेवढ्या निवडून एकत्र करतं. व्हिडिओ फार लांबवायचा नाही, कारण गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्यावरचे बारकावे पुसट होतात.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासारख्या वायूच्या ढगांसाठी फिल्टर लागतो. त्यातला हायड्रोजन 656.3 नॅनोमीटर या ठरावीक लाल रंगात चमकतो. नॅरोबँड फिल्टर त्याच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो आणि शहराचा बराचसा उजेड बाहेर राहतो. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मोजक्या रंगांत असायचा, तो साध्या फिल्टरने अडायचा. पांढऱ्या एलईडीत जवळपास सगळे रंग असल्याने ते फिल्टर आता तितके उपयोगी पडत नाहीत. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाशही सर्व रंगांत विखुरलेला असतो, म्हणून शहरातून त्या टिपणं सर्वांत कठीण.

पहिला मोठा खर्च कशावर?

तेजोमेघ टिपायचे असतील तर दुर्बिणीआधी माउंटवर. पृथ्वी फिरत असल्याने आकाश तासाला 15 अंश सरकतं. मोटरवर चालणारं इक्वेटोरियल माउंट त्याच वेगाने दुर्बीण फिरवतं. ते नसेल तर लांब एक्स्पोजरमध्ये ताऱ्यांच्या रेघा उमटतात. कंपनीने सांगितलेल्या वजनक्षमतेच्या साधारण निम्माच भार ठेवावा. भक्कम माउंटवरची छोटी दुर्बीण डगमगत्या माउंटवरच्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा चांगले फोटो देते.

ध्रुवतारा दिसत नसेल तर?

माउंटचा अक्ष उत्तर ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर. उत्तरेला टॉवर असला की तो झाकला जातो. अशा वेळी 'प्लेट सॉल्व्हिंग' कामी येतं. सॉफ्टवेअर आकाशाच्या दुसऱ्या भागाचा फोटो तारकांच्या नकाशाशी ताडून माउंट किती चुकलंय ते सांगतं.

पक्की खोली बांधायची का?

गच्ची सामायिक असल्याने पक्क्या बांधकामासाठी सोसायटी आणि महापालिकेची परवानगी लागते. त्यापेक्षा ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा रंगाने करून ठेवा आणि सामान पेटीत ठेवा. जागा पाण्याच्या टाकीच्या पंपापासून लांब निवडा, कंपनाने फोटो हलतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो आणि ग्रहांची प्रतिमा थरथरते, त्यामुळे उशिरा रात्री फोटो चांगले येतात.

जून ते सप्टेंबर बहुतेक काळ सामान पेटीतच राहतं. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ती कोरडी ठेवा.

सूर्याकडे बघताना

दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर प्रमाणित सोलर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय ती सूर्याकडे कधीही वळवू नका. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. एक्स-रे फिल्म किंवा गॉगल चालत नाही.

खरेदीआधी हे करा

खगोल मंडळासारख्या संस्थांचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम बदलापूरच्या पुढे वांगणीला वर्षानुवर्षे होत आले आहेत. कल्याणमध्ये आकाश मित्र मंडळ आहे. तिथे निरनिराळ्या दुर्बिणींतून बघा, त्या लावायला किती वेळ लागतो ते पाहा, वजन स्वतः उचलून बघा. जी दुर्बीण तीन जिने चढवून गच्चीवर नेणं जिवावर येईल, ती घरात पडून राहील. गच्चीवर वरचेवर नेता येईल, तीच तुमच्या कामाची.