पाळी गेल्यानंतरची तब्येत आणि अंगमेहनत



या पानावर एरवी लागण, बेणे आणि खोडव्याचीच चर्चा असते. या खेपेस विषय घरातल्या माणसाचा आहे, पण शेतीशी त्याचा संबंध जवळचा आहे.

निर्यात खुली असते तेव्हा महाराष्ट्रातली साखर ज्या न्हावा शेवा बंदरातून बोटीवर चढते, ते बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याआधी तिथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. आगरी-कोळी बायका चिखलात उभ्या राहून लावणी करत, मासळीची पाटी डोक्यावरून नेत. संपादनात जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा सर्वांना ठाऊक आहे. पण शेताबरोबर रोजची अंगमेहनतही जाते, हा हिशेब सहसा मांडला जात नाही. आपल्या जमिनी शाबूत आहेत, तरी नळ, गिरणी, मिक्सर, ट्रॅक्टर आणि ठिबक आले. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. फक्त त्या मेहनतीतून शरीराला जे मिळत होते, ते आता वेगळे कमवावे लागेल.

आपल्याकडे बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. मग चरबी मांडीऐवजी पोटावर साठू लागते, स्नायू घटतात, हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढू लागते. इन्सुलिनचा असरही मंदावतो.

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. स्नायू हे शरीरातले साखरेचे गोदाम. जेवणानंतर रक्तातली बरीच साखर तिथेच जाते. गोदाम लहान झाले किंवा मालाची उचल थांबली, तर पोती बाहेर पडून राहतात. तशी साखर रक्तात राहते आणि मधुमेह होतो. स्नायू काम करू लागला की इन्सुलिन मंद असतानाही तो रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायामाचा मुख्य फायदा तो हाच.

काय करावे?

१) आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवावा.

२) आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे काम करावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस करावी, पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांनी उचलाव्यात.

३) जेवल्यावर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे अंगणात फिरावे.

कोणी म्हणेल, आमची बाई दिवसभर भांगलते, तिला व्यायाम कशाला? ती मेहनत वाया जात नाही. पण भांगलण बसून होते. अंग दुखते, दम मात्र लागत नाही. म्हणून चालणे हवेच.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाळी गेल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसले, तर लाजून घरी बसू नये. त्याच आठवड्यात तपासणी करावी.

आता आपल्या फडात येणाऱ्या भगिनींविषयी. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर वर सांगितलेले सारे बदल एकदम आणि फार लवकर सुरू होतात. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, ही भीती या शस्त्रक्रियांमागच्या कारणांपैकी एक होती. तेव्हा तोडणी टोळीतल्या बाईला दुखण्यात रजा, जवळ पाणी आणि आडोशाचे स्वच्छतागृह मिळेल, हे फडमालक आणि मुकादम दोघांनीही पाहावे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्यायला तिला सांगावे.

घरच्या कारभारणीला संध्याकाळचा अर्धा तास मोकळा करून द्या. त्या वेळेची धार आणि स्वयंपाकातले एखादे काम घरातल्या पुरुषांनी उचलले, तर हे सहज जमण्यासारखे आहे.

— ऊस विकास अधिकारी