वटहुकूम : एका सहीचे आयुष्य

मावळात जमिनीचा विषय निघाला की पारावरची म्हातारी माणसेही कान टवकारतात. धरणे, महामार्ग, कारखाने यांना येथील किती जमिनी गेल्या, हे त्यांना तोंडपाठ असते. २०१४ च्या अखेरीस भूसंपादनाचा वटहुकूम निघाला, तेव्हा आमच्या आजोबांनी मला विचारले, "लोकसभेत काही झाले नाही, मग कायदा बदलला कसा रे?" मी तेव्हा शाळेत होतो. उत्तर सापडले ते राज्यशास्त्र घेतल्यावर.

संसदेचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज भासल्यास, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. घटनेच्या १२३ व्या कलमाने त्याला कायद्याचेच बळ दिले आहे. राज्यात हा अधिकार २१३ व्या कलमानुसार राज्यपालांना आहे. मात्र अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहांनी मान्यता दिली नाही, तर वटहुकूम संपतो.

अमेरिकेत असे बंधन नाही. सरकारी कंत्राटदारांनी नोकर भरतीत वर्ण वा धर्म पाहून भेदभाव करू नये, असा आदेश राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली काढला. तो जवळजवळ साठ वर्षे टिकला आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या एका सहीने रद्द झाला.

आपल्याकडेही या सहीचे सामर्थ्य थोडे नाही. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण वटहुकुमानेच झाले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा खाणींचे वाटप रद्द केल्यावर, लिलावाची वाट वटहुकुमानेच मोकळी झाली.

आता आजोबांचा वटहुकूम. २०१३ च्या कायद्यानुसार खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के, तर सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागे. वटहुकुमाने औद्योगिक पट्ट्यांसह पाच प्रकारच्या प्रकल्पांना या अटीतून सूट दिली. राज्यसभेत सरकारला बहुमत नव्हते. म्हणून एप्रिल आणि मे २०१५ मध्ये तो पुन्हा काढला गेला. अखेर ३१ ऑगस्टला तो विरला आणि संमतीची अट परत आली.

हे 'पुन्हा पुन्हा काढणे' हेच खरे दुखणे. ते उजेडात आणले पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी. बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांना दिसले की, १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम निघाले आणि काही तर विधानसभेला वळसा घालून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. त्यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेशी केलेली प्रतारणा ठरवले. २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच बजावले.

आजोबांना मी आता एवढेच सांगतो : सही कायदा करू शकते, पण तो टिकवायचा तर सभागृहात हात वर व्हावे लागतात. ते हात आपण निवडून दिलेले असतात.