अनेक कृष्णधवल चित्रांतून एक रंगीत आकाश

हिवाळ्याच्या रात्रीं सांडोरच्या एखाद्या वाडींत उभें राहून पूर्वेकडे पाहिलें, तर मृग नक्षत्र सहज ओळखूं येतें. व्याधानें सोडलेल्या बाणाच्या तीन तारा एका ओळींत दिसतात व त्यांच्या दक्षिणेस एक अंधुक, पांढुरका डाग असतो. पुस्तकांत मात्र तोच डाग गुलाबी व निळ्या रंगांचा भव्य तेजोमेघ म्हणून छापलेला असतो. मग विद्यार्थ्यांच्या मनांत साहजिकच शंका येते, कीं हे रंग खरे आहेत, कीं कोणी चित्रकारानें भरलेले?

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरू झाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. तेथें एकाच चित्रासाठीं प्रत्येक रंगाची निराळी शिळा असे. सर्व शिळा एकाच कागदावर क्रमानें उमटल्या, म्हणजे चित्र पुरें होई. एखादी शिळा केसभर सरकली, तर आकृतीच्या कडेस भलताच रंग दिसे. आकाशाचें छायाचित्रही बहुतांशीं असेंच सिद्ध होतें.

पुणे जिल्ह्यांत गिरवली येथें आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ सालापासून आहे. अशा वेधशाळांतील कॅमेरा केवळ प्रकाश मोजतो. रंग त्याला कळत नाहीं. म्हणून त्याच्यापुढें तांबडी, हिरवी व निळी अशा काचा, म्हणजे फिल्टर, आळीपाळीनें धरतात. हें तत्त्व मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६१ सालींच एका रंगीत फितीचें चित्र दाखवून सिद्ध केलें होतें.

परंतु अंधुक तेजोमेघाच्या एका चित्रांत खऱ्या प्रकाशाबरोबर उगाच उमटलेले बारीक ठिपकेही पुष्कळ असतात. यास्तव प्रत्येक काचेतून अनेक चित्रें घेऊन, तारे एकमेकांवर बसवून, त्यांची सरासरी काढतात. तारे स्थिर राहतात, ठिपके मात्र दर वेळीं जागा बदलतात. त्यामुळें सोळा चित्रांच्या सरासरींत त्यांचा त्रास चौथ्या हिश्शावर येतो. विमानाची रेघ एकाच चित्रांत असल्यामुळें तीही वगळतां येते.

अशा रीतीनें प्रत्येक रंगाचें एकेक स्वच्छ चित्र हातीं आलें, म्हणजे त्यांची जुळणी करावयाची. प्रथम तीं एकमेकांवर अचूक बसवितात. नंतर आकाशाचा उजेड प्रत्येकांतून निरनिराळा वजा करतात. कारण वसईच्या आकाशावर मुंबईच्या दिव्यांचा प्रकाश पसरलेला असतो. येथें फार सांभाळावें लागतें. उजेड जास्त वजा झाला, तर तेजोमेघाचा अंधुक पदरही त्याच्याबरोबर पुसला जातो. तसेंच एका रंगांत तारे रेखीव व दुसऱ्यांत पसरट असतील, तर ताऱ्यांभोंवतीं रंगीत कडीं दिसतात. म्हणून रेखीव चित्र थोडें पसरट करून तिन्ही सारखीं करतात.

कांहीं काचा अगदीं अरुंद पट्टाच आंत सोडतात. उदाहरणार्थ, हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश. हबल दुर्बिणीनें १९९५ सालीं गरुड तेजोमेघाचें जें प्रसिद्ध चित्र घेतलें, त्यांत गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. वस्तुतः हायड्रोजनचा हा प्रकाशही तांबडाच असतो. मग तें चित्र खोटें म्हणावें काय? नाहीं. नकाशांत डोंगर तपकिरी दाखविले, तरी नकाशा खोटा ठरत नाहीं. मात्र कोणता रंग कशाचा, हें सांगितलें पाहिजे. चित्रांतील प्रत्येक बिंदु मोजलेल्या प्रकाशाचा आहे. जें आकाशांत नव्हतें तें भरणें, किंवा जें केलें तें लपविणें, हीच लबाडी होय.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं असें चित्र पाहाल, तेव्हां त्याच्याखालील ओळीही वाचा. सौंदर्यानें मन मोहित होतें हें खरें. परंतु तें सौंदर्य कोणत्या श्रमानें व किती प्रामाणिकपणें सिद्ध झालें, हें जाणणें म्हणजेच विद्या होय.