धर्माचा रकाना रिकामा ठेवल्यावर

“मी कोणताही धर्म मानीत नाहीं” असें म्हणणारीं मुलें आजकाल सुशिक्षित घराण्यांत विरळा राहिलीं नाहींत. इ. स. २०११ च्या जनगणनेंत सुमारें २९ लक्ष लोकांच्या नांवापुढें धर्माची नोंदच नाहीं. इ. स. २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, सरकारी अर्जावर अमुक एक धर्म लिहिण्याची सक्ति कोणावरही करतां येणार नाहीं. कोणताही धर्म न पाळण्याचें स्वातंत्र्य राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमांतच अंतर्भूत आहे. कायद्याचें काम येथें संपलें. कायदा रकाना रिकामा ठेवूं देतो. परंतु त्या रिकाम्या जागीं आयुष्य कशाच्या आधारानें जगावें, हें तो सांगत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें, आणि हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं.

संघटित धर्म माणसाला केवळ देव देत नाहीं. तो दिवसाला क्रम देतो, वर्षाला सणवार देतो, जन्मापासून अंत्येष्टीपर्यंत प्रत्येक प्रसंगीं काय करावें याचें तयार उत्तर देतो, आणि शोकाच्या वेळीं चार माणसें दाराशीं आणून उभीं करितो. जो धर्म सोडतो, तो हीं उत्तरेंही सोडतो. पुष्कळांच्या हें ध्यानांतच येत नाहीं. संध्या सुटली, सोवळें सुटलें, एकादशी सुटली. पण मुलीच्या लग्नाची वेळ येतांच पत्रिका बाहेर निघते आणि नव्या घराला मुहूर्त लागतो. या वृत्तीस जीवनविषयक तत्त्वज्ञान म्हणतां येणार नाहीं. त्रासाचें तेवढें टाकलें आणि भीतीचें तेवढें ठेवलें, इतकाच त्याचा अर्थ.

स्वतःच्या बुद्धीनें जगूं पाहणें म्हणजे पूर्वजांचा द्रोह, असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. सांख्य व पूर्वमीमांसा हीं दोन्ही आस्तिक दर्शनें. तरी जगत्कर्त्या ईश्वरावांचून त्यांचें कांहीं अडलें नाहीं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत धर्माचीं प्रमाणें सांगतांना श्रुति, स्मृति व सदाचार यांच्या पंक्तीस चौथी आत्मतुष्टि बसविलेली आहे. मेधातिथीनें ती वेदज्ञांपुरती मर्यादित केली, ही गोष्ट निराळी. आपल्या अंतःकरणाची ग्वाही हेंही एक प्रमाण आहे, एवढें तरी स्मृतिकारांस मान्य होतें.

परंतु ही ग्वाही कितपत विश्वसनीय? शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताला प्रश्न पडतो कीं, ही आश्रमकन्या क्षत्रियानें वरण्यास योग्य आहे कीं नाहीं. आपलें मन तिच्याकडे ओढ घेतें, त्या अर्थीं ती योग्यच असली पाहिजे. संशयाच्या ठिकाणीं सज्जनांची अंतःप्रवृत्ति हेंच प्रमाण, असा निकाल तो देतो, आणि तो निकाल खराही ठरतो. पण पांचव्या अंकांत तोच राजा तितक्याच आत्मविश्वासानें तिला ओळखण्याचें नाकारतो. कवीनें मध्यें दुर्वासाचा शाप घातला आहे हें खरें. तथापि वाचकानें घ्यावयाचा बोध घेतलाच पाहिजे. तेंच अंतःकरण एकदां खरें बोललें व एकदां खोटें, आणि दोन्ही वेळां त्याचा स्वर सारखाच होता. राजाची स्मृति जागी झाली ती कोळ्याला सांपडलेल्या मुद्रिकेमुळें, म्हणजे बाहेरच्या पुराव्यानें. धर्मग्रंथ बाजूस सारून जगूं इच्छिणारानें ही मुद्रिका कोठून आणावी, हा या विषयांतील खरा प्रश्न होय.

या दृष्टीनें कै. गोपाळ गणेश आगरकर यांचें चरित्र पुन्हा वाचण्यासारखें आहे. कराडजवळील टेंभू येथें इ. स. १८५६ मध्यें ते जन्मले, आणि इ. स. १८९५ च्या जून महिन्यांत, वयाचीं एकोणचाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच निवर्तले. मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा संस्कार होता. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधांत त्यांनीं देवतांची कल्पना मानवी मनांत कशी उद्भवली याची चिकित्सा केली. पण त्यांचें सर्व लेखन पाहिलें तर खंडन हा त्याचा एक भाग आहे. बालविवाह, विधवांचें केशवपन, स्त्रियांचें शिक्षण या विषयांवर त्यांची लेखणी अधिक झिजली. एखाद्या रूढीमुळें जिवंत माणसास दुःख होतें कीं सुख, ही त्यांची कसोटी होती. शिवाय इ. स. १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रांत आपले विचार ते उघड्यावर मांडीत आणि विरुद्ध पक्षाचे प्रहार सोशीत. दुसऱ्याचें सुखदुःख व उघडी चर्चा, हीच त्यांची मुद्रिका. आपलें मन आपणांस फसवीत नाहीं ना, हें त्यांना या दोहोंवरून पडताळतां येई.

हें तत्त्व त्यांनीं प्रथम स्वतःस लावलें. शिक्षण पुरें होत आलें असतां, मोठ्या पगाराची आशा धरूं नये, पोटापुरत्या वेतनावर संतोष मानून आपण सारा वेळ परहितांत घालविणार, अशा आशयाचें पत्र त्यांनीं आईस लिहिलें, आणि दारिद्र्य भोगलेल्या त्या माउलीस दिलेला शब्द अखेरपर्यंत खरा केला. परलोकाच्या फळाची अपेक्षा नसतां केलेला हा त्याग होता.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू होत्या. आगरकरांनीं त्यांच्या देवधर्माच्या आड येण्याचें टाळलें. कोणी यास दुबळेपणा म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. विचारस्वातंत्र्य हा ज्याच्या तत्त्वाचा पाया, त्यानें घरांतल्याच माणसाचें स्वातंत्र्य हिरावलें तर तो पायाच खचला. या मार्गाची किंमतही त्यांनीं पुरेपूर मोजली. दम्यानें शरीर पोखरलेलें, टिळकांसारख्या मित्राशीं वितुष्ट आलेलें, आणि पुण्यांतील विरोधकांनीं त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढलेली! पाठीशीं मठ नाहीं, संप्रदाय नाहीं. अशा एकाकी वाटेवर जाणारानें समानशील मित्र जोडलेच पाहिजेत, हेंही यावरून शिकावें.

आतां आपल्या घरांतील गोष्ट. श्राद्धाच्या दिवशीं नातू पाटावर बसण्यास नकार देतो. आजीच्या डोळ्यांना पाणी येतें. मुलाचा बाप दोहोंच्या मध्यें सांपडतो. अशा वेळीं वडिलांनीं त्यास ‘नास्तिक’ म्हणून हिणवूं नये. इतकेंच विचारावें, “बाळ, आजोबांचें ऋण मग तूं कसें फेडणार?” त्या दिवशीं एखाद्या गरीब विद्यार्थ्याची फी भरीन, असें त्याजवळ उत्तर असेल, तर पितृऋण त्यास समजलें आहे. उत्तर नसून केवळ सुटीचा बेत असेल, तर त्याचें तत्त्वज्ञान अद्यापि व्हावयाचें आहे. नातवानेंही जाणावें कीं, आजीला दर्भ आणून देण्यानें किंवा पंक्तीला वाढण्यानें आपल्या मताशीं प्रतारणा होत नाहीं. न मानलेलें मानल्याचें सोंग करणें तेवढें वाईट.

ज्यांना धर्माचा रकाना रिकामा ठेवावयाचा आहे त्यांनीं तो खुशाल ठेवावा. मात्र एका वहींत तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवावीं: कोणी पाहत नसतांही मी काय करणार नाहीं? मी कोणाचा ऋणी आहें? आणि माझें माणूस गेलें असतां मी कशाचा आधार घेईन? दर वर्षीं ती वही उघडावी, उत्तरें पुन्हा तपासावीं, आणि घरांतल्या एखाद्या न पटणाऱ्या माणसास ती वाचून दाखवावी. त्याच्या प्रश्नांपुढें जीं उत्तरें टिकतील, त्यांवर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं.