विश्लेषण : खुबा वारंवार दुखत असताना अर्धमॅरेथॉन धावावी का?

सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन होते आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. राज्यातील हौशी धावपटूंचा हंगाम साधारण या दोन शर्यतींभोवती फिरतो. सरावाचे किलोमीटर वाढू लागले की अनेकांची एक जुनी तक्रार डोके वर काढते. खुबा दुखतो, आठवडाभर विश्रांती घेतली की थांबतो आणि पुन्हा दहा-बारा किलोमीटर धावले की त्याच जागी दुखू लागतो. शर्यतीचे शुल्क भरलेले असते, गटातील सगळे धावणार असतात. अशा वेळी ‘थोडे दुखणारच’ हा सल्ला सर्वाधिक मिळतो. काहींच्या बाबतीत तो बरोबरही असतो. पण काहींना तो थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेऊ शकतो.

खुब्यावर किती भार येतो?

चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो. धावताना तो पाचपटीच्या घरात जातो. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. मीटरभराचे पाऊल धरले तरी प्रत्येक पायावर दहा हजारांहून अधिक वेळा हा भार पडतो. निरोगी सांध्याला त्याची सवय होते. स्नायू थकले किंवा मुळातच कमकुवत असले, तर हाच भार हाडावर आणि स्नायुबंधांवर येतो.

दुखण्याची जागा काय सांगते?

बरेच काही. ‘खुबा दुखतो’ हे एका आजाराचे नाव नाही. पँटच्या खिशाच्या शिवणीजवळ जे हाड हाताला लागते, तिथे बाहेरच्या बाजूला दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपल्यावर त्रास वाढत असेल, तर दोष बहुतेकदा नितंबाच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या स्नायुबंधांत असतो. चाळिशी-पन्नाशीतील महिलांमध्ये हा त्रास विशेष आढळतो. तो चिवट असतो, पण धोकादायक नसतो. बसताना टेकते त्या हाडापाशी दुखत असेल, तर मांडीच्या मागचे स्नायू किंवा कंबर तपासावी लागते.

जांघेत खोलवर दुखणे हे प्रकरण वेगळे. त्यामागे सांध्यातील हाडांचा आकार, सांध्याच्या कडेची कूर्चा किंवा संधिवात असू शकतो. पण आधी दोन शक्यता खोडून काढाव्या लागतात. पहिली, मांडीच्या हाडाच्या मानेला भाराने पडलेली सूक्ष्म भेग, म्हणजे ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’. ही भेग हाडाच्या वरच्या बाजूला असेल आणि धावणे सुरूच राहिले, तर हाड पूर्ण मोडून सरकू शकते. मग स्क्रू घालण्यावाचून पर्याय उरत नाही. सरावाचे अंतर अचानक वाढवणारे, खाण्यात कपात करणारे आणि पाळी अनियमित झालेल्या महिला यांना हा धोका अधिक असतो. दुसरी शक्यता, रक्तपुरवठा तुटल्याने खुब्याचा गोळा निकामी होऊ लागणे, म्हणजेच ‘एव्हीएन’. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले, अति मद्यपान करणारे आणि सिकलसेलचे रुग्ण यांना तो होऊ शकतो. करोनाच्या उपचारात स्टेरॉइड मिळालेल्या काही रुग्णांमध्ये एव्हीएन आढळल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. मांडी घालून बसताना एका बाजूचा गुडघा पूर्वीपेक्षा वर राहू लागला, तर सांध्याची हालचाल कमी होत असल्याची ती खूण असू शकते.

जांघेतील दुखणे रात्रीही असेल, चालताना लंगडायला होत असेल किंवा प्रत्येक पावलाला कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. एका पायावर उड्या मारून घरच्या घरी ‘तपासून’ पाहू नये.

एक्स-रे ‘नॉर्मल’ म्हणजे धोका टळला?

नाही. सूक्ष्म भेग आणि एव्हीएन, दोन्ही सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय लागतो. ऑलिम्पिक रौप्यविजेता अमेरिकी धावपटू मेब केफ्लेझिगी २००७ मध्ये ऑलिम्पिक निवड शर्यतीत आठवा आला, तेव्हा त्याच्या कटीच्या हाडात अशीच भेग होती. तिचे निदान व्हायला वेळ लागला. सावरल्यावर त्याने २००९ मध्ये न्यूयॉर्क आणि २०१४ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली.

एमआरआयची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. खुब्याचा कसलाही त्रास नसलेल्या ४५ जणांच्या एमआरआयमध्ये ६९ टक्क्यांना सांध्याच्या कडेची कूर्चा फाटलेली दिसल्याचे अमेरिकेतील २०१२ च्या अभ्यासात आढळले. त्यामुळे अहवालात ‘टेअर’ हा शब्द दिसला की धावणे कायमचे संपले, असे नाही.

विश्रांतीने थांबते, मग पुन्हा का दुखते?

विश्रांतीने जळजळ शमते, पण ताकद वाढत नाही. उलट तीन आठवडे बसून काढले की स्नायू आणखी सैल पडतात. मग धावपटू दुखणे थांबल्याच्या आनंदात थेट जुन्या अंतरावर परततो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांची चाचणी झाली. ती २०१८ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. व्यायाम आणि भार सांभाळण्याचे शिक्षण मिळालेल्या गटातील सुमारे ७७ टक्के रुग्णांना आठ आठवड्यांत ठळक सुधारणा जाणवली. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के होते. शर्यतीआधी ‘एक इंजेक्शन मारून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

व्यायामात विशेष काही नाही. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, पायरी चढणे, पुढे वजन घेऊन बैठका. दोन-तीन महिने नेमाने करावे लागतात, हीच अडचण. मात्र इथे एक चूक सर्रास होते. दुखणारी बाजू ताणून मोकळी करण्यासाठी पायावर पाय टाकून ओढ दिली जाते. त्याने स्नायुबंध हाडावर दाबला जातो आणि दुखणे वाढू शकते. एका पायावर भार टाकून उभे राहणेही टाळावे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

सराव सुरू ठेवता येतो?

गंभीर कारण नसल्याची खात्री झाली असेल तर येतो. धावताना दुखणे दहापैकी दोन-तीनच्या वर जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हावे आणि चाल बिघडू नये, ही ढोबळ कसोटी. पावले थोडी आखूड आणि जलद टाकली, तर खुब्यावरील ताण कमी होतो. मिनिटाला १६० पावले पडत असतील, तर १६८ ते १७० पुरेशी.

शर्यतीची निवडही महत्त्वाची. साताऱ्यात पहिला टप्पा यवतेश्वर घाटाचा चढ, परतीचा तोच उतार. चढावर नितंबाचे स्नायू राबतात, उतारावर थकलेल्या स्नायूंना प्रत्येक पावलाला धक्का रोखावा लागतो. त्रास ताजा असेल, तर सपाट मार्ग किंवा दहा किलोमीटरची शर्यत बरी.

धावल्याने खुबा झिजतो का?

हौशी धावपटूंबाबत पुरावा उलट आहे. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात खुबा आणि गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. धावणाऱ्यांचे वजन आटोक्यात असते, हेही त्यामागचे एक कारण असू शकते.

शर्यतीच्या दिवशी गोळी घ्यावी का?

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे ही सवय झाली आहे आणि ती वाईट आहे. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय थांबण्याची सूचना देणारी कळच त्या झाकून टाकतात. धावताना लंगडणे सुरू झाले, तर तिथेच थांबावे आणि मार्गावरील वैद्यकीय पथकाला सांगावे. साताऱ्यात हा निर्णय परतीच्या वळणाआधी घेतलेला बरा. त्यानंतर घाटाचा उतार सुरू होतो.