दम्याचा पंप आणि बदलती मार्गदर्शक तत्त्वे

नांदेड-लातूरकडे सोयाबीनची वा तुरीची रास सुरू झाली, की मळणीयंत्राच्या भुसकटाने ज्यांची धाप बळावते अशा अनेक घरांतून एक समजूत पिढीजात होऊन बसलेली आढळते: पंप हा अखेरचा इलाज असून तो एकदा लागला की जन्माचा सुटत नाही, सबब गोळीवर भागते तोवर भागवावे. वस्तुस्थिती नेमकी विपरीत आहे. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी रक्तावाटे सर्वांगात भिनून मग फुप्फुसांपर्यंत पोहोचते. पंपाच्या दोन फवाऱ्यांत त्याच औषधाचे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अवघा विसावा हिस्सा असतो, आणि तो थेट श्वासनलिकांत उतरतो. पंप दीर्घकाळ लागतो तो व्याधी दीर्घकालीन असल्यामुळे. व्यसन जडल्यामुळे नव्हे.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, कारण त्यात काही काळ वैद्यकशास्त्रही सहभागी होते. धाप लागताच निळा, म्हणजे तात्पुरता आराम देणारा, पंप ओढला म्हणजे उपचार पुरा झाला, असे सौम्य दम्याच्या रुग्णांस वाटते. निळ्या पंपाने श्वासनलिकांभोवतालचे आकुंचित स्नायू सैल होतात खरे, परंतु आतील दाह तसाच धुमसत राहतो, आणि तो शमविण्यास श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइडच लागते. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्मा-१’ या चाचणीत ३,८४९ सौम्य दमेकरी सहभागी होते. त्यांपैकी ज्यांस गरजेपुरता केवळ आराम देणारा पंप दिला होता, त्यांच्यात तीव्र झटक्यांचे वार्षिक प्रमाण माणशी ०.२० होते, ज्यांस स्टिरॉइडयुक्त संयुक्त पंप गरजेपुरता दिला, त्यांच्यात ते ०.०७ इतके उतरले. अशा पुराव्यांच्या आधारे ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१९ साली बारा वर्षांवरील रुग्णांस निव्वळ आराम देणाऱ्या पंपावर न ठेवण्याची शिफारस केली.

येथेच तिसरी शंका उद्भवते: काल एक सांगितले, आज दुसरे, मग भरवसा कशावर ठेवावा? ही मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कोणा विद्वानाने एकदाच काढलेले फर्मान नव्हे. आधी प्रश्न निश्चित केला जातो, त्यावरील चाचण्या धुंडाळल्या जातात, प्रत्येक पुराव्याची प्रतवारी ठरते, आणि मगच शिफारशीचा मसुदा सिद्ध होतो. नवा पुरावा आला की शिफारशीचा पुनर्विचार करणे हे या कामाचे अंगच आहे. आपल्याकडेही इंडियन चेस्ट सोसायटी व नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स यांनी २०१५ मध्ये भारतीय रुग्णांसाठी संयुक्त तत्त्वे प्रसिद्ध केली, म्हणून हे सारे परदेशी हवेचे शास्त्र आहे असे म्हणणेही अन्यायाचे होईल. हैदराबादेस मृगाच्या मुहूर्तावर मरळ माशातून दिल्या जाणाऱ्या दम्याच्या औषधास या तत्त्वांत स्थान नाही, ते श्रद्धेविषयीच्या अनादरामुळे नव्हे. तुलनात्मक चाचणीची जी अट पंपास लागू आहे, तीच त्यासही लागू आहे.

ज्यांच्याजवळ आज केवळ निळाच पंप आहे, त्यांनी तो आपल्या मनाने बंद न करता, जुन्या कागदांसह नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था किंवा जवळचा डॉक्टर गाठावा, स्टिरॉइडयुक्त पंपाविषयी स्पष्ट विचारावे, आणि पंप ओढण्याची आपली रीत त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावी.