बीजसुप्ती, वनवृक्षांतील
पाणी, हवा व तापमान अनुकूल असूनही जिवंत बी न रुजण्याच्या अवस्थेस बीजसुप्ती म्हणतात. उष्ण कटिबंधातील अनेक वनवृक्षांत बीजावरणाचा किंवा फळाच्या आठळीचा कठीणपणा हे तिचे कारण असते.

सोलापूर जिल्ह्यात वार्षिक पाऊस सरासरी सु. ५५ सेंमी. व अनियमित असतो. तेथे आढळणाऱ्या बाभळीच्या (लॅ. ॲकेशिया निलोटिका, नवे नाव व्हॅचेलिया निलोटिका) बीजावरणात दाट कोशिकांचा जलरोधक थर असतो. त्यामुळे सर्व बिया पहिल्याच पावसात रुजत नाहीत; काही जमिनीत टिकून राहतात व पावसाने ओढ दिली तरी सगळी पिढी नष्ट होत नाही. वृक्षाला हितकारक असा हा गुण रोपवाटिकेत मात्र अडचणीचा ठरतो. कारण तेथे रोपे एकाच वेळी हवी असतात.

शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून गेलेल्या बियांचे आवरण मऊ पडते. म्हणून मेंढवाड्यातील बिया गोळा करून पेरण्याची रीत आहे. एरवी बियांवर सु. ८०° से. तापमानाचे पाणी ओतून त्या रात्रभर भिजू देतात व फुगलेल्या बिया लगेच पेरतात. सागाची फळे आळीपाळीने भिजवून व उन्हात वाळवून पेरतात. याउलट कडुनिंबाच्या बियांची रुजवणक्षमता काही आठवड्यांतच घटते; त्या ताज्याच पेराव्या लागतात.

प्रक्रियेमुळे बियांचे नैसर्गिक संरक्षण नाहीसे होते. म्हणून माळरानावर थेट पेरणी करताना जमिनीत पुरेशी ओल असणे आवश्यक असते. अन्यथा कोवळी रोपे पावसाच्या खंडात वाळून जातात.